खत घेण्याआधी खड्डा घ्या : आपल्या रानाची माती वाचण्याची रीत

आमचं सात एकरांचं रान सोलापूर जिल्ह्यात आहे, ओढ्याकडे उतरत गेलेलं. कागदावर गट एकच. पहिल्यांदा माती तपासायला दिली तेव्हा वरच्या बांधापासून ओढ्यापर्यंत आठ-दहा ठिकाणची माती गोळा केली, गोणपाटावर एकत्र कालवली आणि त्यातली अर्धा किलो पिशवीत भरून पाठवली. अहवाल आला, सगळं ‘मध्यम’. त्याप्रमाणे सगळीकडे सारखं खत टाकलं. त्या वर्षी खालच्या अंगाची तूर पाणी साचून पिवळी पडली आणि वरच्या अंगाची ज्वारी पोटऱ्यात असतानाच वाळायला लागली.

पुढच्या वर्षी दोन्हीकडे एकेक खड्डा घेतला. वर अकरा इंचांवर मुरूम लागला. खाली चार फूट खणलं तरी काळीच माती. प्रयोगशाळेचं काही चुकलं नव्हतं. दोन वेगळ्या जमिनींची सरासरी काढायला मीच सांगितलं होतं, आणि त्या सरासरीची जमीन माझ्या रानात कुठेच नव्हती.

म्हणून खाली जो क्रम दिलाय त्यात प्रयोगशाळा बरीच उशिरा येते. आधी खोरं, टिकाव आणि पाण्याची बादली.

पहिली पायरी : खड्डा

पावसाळा सरल्यावर, रानात ओल असताना खणा. काळं रान मे महिन्यात फोडायला गेलात तर पहार लागेल आणि हाताला फोड येतील. उताराच्या माथ्यावर एक आणि पायथ्याला एक, असे निदान दोन खड्डे घ्यायचे. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, आणि खोली मुरूम लागेपर्यंत किंवा तीन-साडेतीन फूट. जिच्यावर ऊन पडतं ती भिंत खोऱ्याने तासून सपाट करा. वरची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

आता भिंत वरून खाली बघत या. पाच गोष्टी टिपायच्या.

खोली किती, म्हणजे मुरूम किंवा खडक किती इंचांवर आहे. मुळं कुठवर गेलीत आणि कुठे आडवी वळलीत. सुरी वरपासून दर दोन इंचांवर खुपसत जा; सात-आठ इंचांच्या आसपास एकदम जोर लागला आणि त्याखाली परत सुरी सहज गेली, तर तो नांगराने आणि ट्रॅक्टरच्या चाकाने दाबून बसवलेला कठीण थर. चुन्याचे पांढरे खडे कुठे सुरू होतात. आणि गंजासारखे तांबूस किंवा राखाडी डाग दिसतात का. तसे डाग असतील तर तिथे दरवर्षी पाणी साचून राहतं, मग वर रान कितीही कोरडं दिसो.

खोलीवर मी सगळ्यात जास्त भर देतो, त्यामागे साधा हिशेब आहे. काळ्या मातीचा एक मीटर थर पिकाला घेता येईल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरतो. म्हणजे फूटभर मातीत पन्नास-साठ मिलिमीटर, तीन फुटांत दीडशेच्या पुढे. रब्बीचं भरात आलेलं पीक दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी ओढतं. पाऊस गेल्यावर फूटभर रान पंधरा-वीस दिवस पुरतं, तीन फूट रान दीड महिना. माझी वरची ज्वारी का वाळली याचं उत्तर इथे आहे. युरियाची आणखी एक गोणी टाकून तिचं काहीच भलं झालं नसतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीचे वाणही जमिनीच्या खोलीप्रमाणे दिलेत : फूटभराच्या हलक्या रानाला फुले अनुराधा आणि फुले माउली, दोन फुटांपर्यंतच्या मध्यम रानाला फुले सुचित्रा आणि मालदांडी ३५-१, त्याहून खोल भारी रानाला फुले वसुधा आणि फुले रेवती. बियाणं विकणारा ‘रान कसलं आहे’ विचारतो तेव्हा त्याला इंचांत उत्तर देता आलं पाहिजे.

एकाच गटात दोन जमिनी कशा?

खड्ड्याच्या तळाचा मुरूम हातात घेऊन चुरा. हा आपल्या मातीचा बाप. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले, थंड होऊन काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, झाला. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच खडकावर बसलाय. घाटरस्त्याला डोंगर कापलेला असतो तिथे कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे दिसतात बघा, ते खडकाचं मातीत रूपांतर चालू असताना पकडलेलं चित्र आहे. पाणी भेगांतून शिरतं, खनिजं कुजवतं, खडकाचा मुरूम होतो आणि मुरमाची माती. एक सेंटिमीटर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात.

माती कशी होणार हे पाच गोष्टी ठरवतात : मूळ खडक, हवामान, उतार, त्यावर वाढलेले जीव आणि काळ. हान्स जेनी या मृदाशास्त्रज्ञाने १९४१ साली हे सूत्ररूपात मांडलं. आपल्याकडे हवामानाची करामत बघायची तर लांब जायला नको. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी, म्हणून खडकातून सुटलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका तिथेच राहते आणि त्यांतून मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती तयार होते. पाणी प्यायली की ती फुगते, वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात रानाला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या तिच्यामुळे. घाट उतरून कोकणात गेलात तर खडक बराचसा तोच, पण धो धो पावसाने क्षार आणि सिलिका धुऊन नेली. मागे लोह आणि अॅल्युमिनियम उरलं. तो जांभा आणि ती तांबडी माती. एकाच आईची दोन लेकरं, एक कोरडवाहू घरात वाढलेलं आणि एक पावसात.

माझ्या गटातला फरक उताराचा. पावसाने वरची बारीक माती वाहून खाली आणली. वर मुरूम उघडा पडत गेला, खाली थर चढत गेला. हे माझ्या आजोबांच्याही आधीपासून चाललंय. फक्त बांध पडू दिले, उताराच्या दिशेने नांगरट केली की त्याचा वेग वाढतो.

दुसरी पायरी : हाताने पोत ओळखणं

‘जमिनीचा पोत सुधारा’ असं आपण सर्रास म्हणतो, पण मातीच्या शास्त्रात पोत म्हणजे वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचं प्रमाण, आणि ते शेणखताने बदलत नाही. वाळूचा कण दोन मिलिमीटरपासून ०.०५ मिलिमीटरपर्यंत, पोयट्याचा त्याखाली ०.००२ पर्यंत, त्याहून बारीक ती चिकणमाती. एवढ्या बारीक कणाला वजनाच्या मानाने पृष्ठभाग प्रचंड असतो, म्हणून पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवायचं काम मुख्यतः तीच करते. बदलते ती मातीची घडण, म्हणजे हे कण एकमेकांना कसे चिकटून बसलेत ते. पोत जन्माचा, घडण कमवायची किंवा गमवायची.

मूठभर मातीतले खडे काढा, थोडं थोडं पाणी घालून कणकेसारखी मळा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दाबत तिची पट्टी पुढे सरकवा. पट्टी इंचभर व्हायच्या आत तुटली तर पोयट्याची किंवा वाळूसर माती, एक ते दोन इंच टिकली तर मध्यम, दोन इंचांपेक्षा लांब लोंबकळली तर भारी चिकण. गोळा वळलाच नाही तर वाळू.

बरणीचा प्रयोगही करून बघा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश चाळलेली माती, वर पाणी, चमचाभर कपडे धुण्याची पावडर. पाच मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. मिनिटभरात बसते ती वाळू, दोनेक तासांत पोयटा, उरलेली चिकणमाती. काळ्या रानाची चिकण दोन दिवस गढूळच राहील, घाई करू नका. शिवाय ती पाण्यात फुगलेली असल्याने तिचा थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो. पट्टीची परीक्षा मला त्यामुळे जास्त भरवशाची वाटते.

तिसरी पायरी : ढेकूळ पाण्यात

ही माझी आवडती, आणि हिला पैसे लागत नाहीत. एक सुकं, सुपारीएवढं ढेकूळ दरवर्षी नांगरट होणाऱ्या रानातलं घ्या, एक बांधावरच्या गवताखालचं. दोन काचेच्या ग्लासात पाणी घेऊन हलकेच सोडा. रानातलं बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत ढासळतं. बांधावरचं बराच वेळ आकार धरून राहतं. माती तीच, खडक तोच, पाऊस तोच. फरक मुळांचा, बुरशीच्या धाग्यांचा आणि जिवाणूंनी सोडलेल्या चिकट द्रव्याचा; त्यांनी कण बांधून धरलेत. पावसाचा पहिला सपाटा पडल्यावर रानावर पापडी धरते, उगवण दबते, पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं, ते या ढासळण्यामुळेच.

ढेकूळ ढासळलं, पण पाणी नितळ राहिलं, तर दुखणं सेंद्रिय पदार्थांच्या कमतरतेचं. पाणी दुधासारखं गढूळ झालं आणि तासाभरानेही तसंच राहिलं, तर सोडियमचा संशय घ्या. ते रान चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेलं, होत चाललंय.

चौथी पायरी : पाणी किती मुरतं

सहा इंच व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या, साधारण पाच इंच उंच. तीन इंच जमिनीत ठोका, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरा, त्यावर साडेचारशे मिलिलिटर पाणी ओता आणि कागद अलगद ओढून घ्या. एवढ्या पाइपात एवढं पाणी म्हणजे साधारण एक इंच पाऊस. ते मुरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. नंतर त्याच जागी दुसऱ्यांदा तेवढंच पाणी ओता. खरा आकडा दुसरा. पहिलं पाणी भेगांतून सटकन उतरतं आणि आपण उगीच खूश होतो. दुसरा इंच तासभरही हलला नाही, तर त्या रानात रुंद वरंबा-सरी हवी आणि चर हवा.

पाचवी पायरी : नमुना, पण नीट

आता प्रयोगशाळा. आधीच्या पिकाची काढणी झाल्यावर, नवं खत पडायच्या आत. रंग, उतार, खोली, आधीचं पीक यांत फरक असेल तर नमुने वेगळे. माझी सात एकरांची चूक करू नका. प्रत्येक भागात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणं घ्या. वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही अक्षरासारखा सहा ते आठ इंच खोल खड्डा घ्या, माती बाहेर काढून टाका, आणि त्या खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाड चकती तासून घ्या. सगळ्या चकत्या कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, उरलेले पुन्हा कालवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. वाळवायची ती सावलीत.

बांधालगत, झाडाखाली, विहिरीजवळ, जनावरं बांधायची जागा, शेणखताचा ढीग पडला होता ती जागा, या वगळा. खताच्या रिकाम्या गोणीत माती भरली तर तुम्ही गोणी तपासायला पाठवताय. लोह-जस्त तपासायचं असेल तर लोखंडी अवजार टाळून लाकडी खुरपणीने घ्या. फळबागेसाठी फूट-फूट अंतराने तीन फुटांपर्यंत तीन वेगळे नमुने लागतात, कारण डाळिंबाचं, संत्र्याचं दुखणं बऱ्याचदा दुसऱ्या फुटात असतं.

सहावी पायरी : अहवाल वाचणं

मृद आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. तिच्यात बारा गोष्टी येतात : सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज) आणि बोरॉन. बहुतेक जण थेट नत्र-स्फुरद-पालाशवर बोट ठेवतात. तुम्ही आधी पहिल्या तीन ओळी वाचा.

सामू साडेसहा ते साडेसात असेल तर उत्तम. आपल्या काळ्या रानात तो आठ-सव्वाआठ सहज असतो. त्यामुळे जस्त आणि लोह मातीत असूनही मुळाला मिळत नाही, आणि ओल नसताना वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडून जातो. चुनखडी आहे का हे घरीही कळतं : सुक्या मातीवर व्हिनेगर टाका, फसफसली तर चुना आहे. चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या की लोकांना नत्र आठवतं. नत्राची कमतरता आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसते. कोवळ्या पानांवरची ही खूण लोहाची आहे.

क्षारता एकच्या खाली असावी (डेसीसायमन प्रति मीटर). त्याहून वर चढत असेल तर विहिरीचं पाणीही तपासा.

सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांच्या खाली म्हणजे कमी, ०.४१ ते ०.६० मध्यम. ‘काळी म्हणजे कसदार’ हा समज इथे गळून पडतो. काळा रंग भरपूर ह्यूमसचा, म्हणजे पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाचा, नसतो, थोडासा ह्यूमस त्या चिकणमातीशी घट्ट बांधलेला असल्यानेही रान काळंभोर दिसतं. कोळशासारख्या रानाचा कर्ब ०.३५ आलेला मी पाहिलाय, आणि तो माझ्याच रानाचा होता.

उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली असेल तर कमी. कर्ब कमी असला की ते बहुधा कमीच येतं. पालाश काळ्या रानात सहसा भरपूर असतो. नियम सोपा धरा : अन्नद्रव्य कमी तर पिकाच्या शिफारशीपेक्षा पाव हिस्सा जास्त, मध्यम तर शिफारशीएवढं, जास्त तर पाव हिस्सा कमी. खतावरचे पैसे वाचतात ते या शेवटच्या ओळीत.

सातवी पायरी : आता करायचं काय

सगळ्यात आधी रानातल्या काडीकचऱ्याला काडी लावणं बंद. कर्ब वाढवण्याचं गणित फार निर्दयी आहे. एका एकराच्या वरच्या सहा इंचांत सुमारे नऊ लाख किलो माती असते. कर्ब ०.१ टक्क्याने चढवायचा तर नऊशे किलो निव्वळ कर्ब मातीत टिकून राहायला हवा, आणि टाकलेल्यातला बराचसा वर्षा-दोन वर्षांत जिवाणूंच्या श्वासातून हवेत जातो. म्हणून दोन ट्रॉल्या शेणखताने एका हंगामात चमत्कार होत नाही, आणि बाटलीतल्या औषधाने तर नाहीच. रानातच तयार होणारा काडीकचरा रानातच राहिला पाहिजे. उसाचं पाचट सरीत दाबा. दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारं जिवाणू संवर्धक ही शिफारस आहे. त्यात युरिया कशाला? पाचटात कर्बाच्या मानाने नत्र फारच कमी, त्यामुळे ते कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र उचलतात आणि पीक उपाशी राहतं. भुसा किंवा कडब्याचा चुरा कच्चाच मातीत घातल्यावर पीक पिवळं पडतं तेही याच कारणाने. गिरिपुष्पाचा पाला मात्र नत्राने भरलेला, तो लगेच कुजतो. बांधावर गिरिपुष्प लावून वर्षातून दोन-तीनदा छाटून टाकला तर विकतच्या शेणखताची ओढ बरीच कमी होते. ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं फुलोऱ्याच्या आधी गाडा. उशीर झाला की दांडे लाकूड होतात.

वाफसा धरूनच रानात शिरा. मातीचा लाडू वळून कमरेच्या उंचीवरून सोडा. चपटा बसला तर थांबा, फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. ओल्या काळ्या रानात एकदा ट्रॅक्टर घातला तर खड्ड्यात दिसलेला तो कठीण थर आणखी पक्का होतो. तो फोडायला सबसॉयलर, म्हणजे खोलवर जाणारा नांगर, चालतो, पण जमीन कोरडी असताना, नाहीतर चाकू लोण्यातून जावा तसा फाळ नुसताच जातो.

चोपण रानाला जिप्सम, पण किती ते तपासणीवरून. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतं. हटलेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जायला चर नसेल तर तो तिथेच बसतो आणि पैसे मातीत जातात. नुसतं खारवट रान असेल, म्हणजे क्षारता जास्त पण सोडियम नाही, तर जिप्समची गरजच नाही. चांगलं पाणी आणि निचरा पुरे. सांगली-कोल्हापूरकडे ऊसपट्ट्यात पाण्याने बिघडलेल्या जमिनींवर जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकतात ते यासाठीच.

स्फुरद फेकू नका, बियाण्याच्या खाली-बाजूला पेरा. चुनखडीच्या रानात तो चुन्याशी बांधला जातो आणि कोकणातल्या तांबड्या रानात लोहाशी; दोन्हीकडे मुळाजवळ पडलेलाच कामाला येतो. जस्त-लोह कमी असेल तर झिंक सल्फेट, फेरस सल्फेट एकरी आठ-दहा किलो, दहापट शेणखतात आठवडाभर मुरवून द्या.

वरच्या हलक्या रानासाठी मी एकच मोठा खर्च केला : तळ्याचा गाळ. २०१७ पासून राज्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहेच. वरून वाहून गेलेली मातीच ती, भाडं भरून परत आणायची. गाळही आधी तपासा, क्षार असतील तर नको, आणि भारी रानात कधीच टाकू नका.

हे बदल दिसायला वेळ लागतो, म्हणून खूण ठेवायची. पांढऱ्या सुती कापडाचे एकाच मापाचे दोन तुकडे घ्या, एक रानात आणि एक बांधालगत चार-पाच इंच खोल पुरा, ओल टिकेल अशा दिवसांत, आणि दोन महिन्यांनी काढा. जिथे जीव आहेत तिथे नुसती चिंध्यांची जाळी हाती येते. पुढच्या वर्षी परत त्याच महिन्यात. प्रयोगशाळेत नमुना तीन वर्षांनी दिला तरी चालतो, पण जागा आणि महिना तोच ठेवा, नाहीतर आकडे आपसांत बोलत नाहीत.

आणि खड्डा तसाच उघडा सोडून जाऊ नका, बैलाचा पाय मोडेल. खालची माती आधी लोटा, पायाने दाबा, वरची काळी शेवटी. उलटं केलंत तर तेवढ्या दोन-तीन फुटांत पुढची चार वर्षं ज्वारी गुडघ्याएवढी राहते. आमच्या वरच्या रानात पहिला खड्डा कुठे होता ते अजून लांबून दाखवता येतं.